तंट्याच्या मुलखातील दवाखाना



संयोजकांनी मला विषय दिला तो असा : संघर्षग्रस्त देशांतील सार्वजनिक आरोग्यसेवा. मी सीरिया, सुदान, अफगाणिस्तान इथलं चित्र तुमच्यापुढे मांडावं, अशी त्यांची अपेक्षा असावी. थोडं मी मांडणारही आहे. पण नंदुरबारला येऊन केवळ परदेशावर बोलून परत जाणं मला पटत नाही. या शहरात ९ सप्टेंबर १९४२ रोजी शिरीषकुमार आणि त्याचे चार सवंगडी तिरंगा हातात घेऊन मिरवणुकीत निघाले आणि पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. पुढे स्वातंत्र्य आलं. १९ नोव्हेंबर १९९३ रोजी याच मुलखात, सातपुड्याच्या पलीकडच्या उतारावर, चिंचखेडीला पुन्हा पोलिसांनी गोळी झाडली. सरदार सरोवर धरणाच्या बुडिताच्या सर्वेक्षणाला विरोध करायला गाव जमलं होतं. त्या गोळीबारात रेहमल पुन्या वसावे हा शाळकरी वयाचा आदिवासी मुलगा गेला. या दोन घटना सारख्या आहेत असं मी म्हणत नाही. एका ठिकाणी परकं राज्य होतं, दुसऱ्या ठिकाणी आपलं. पण चिंचखेडीच्या त्या मुलाची आई दुसऱ्या महिन्यात सरकारी दवाखान्याच्या पायरीवर आली असती, तर ती कोणत्या मनाने आली असती, हा प्रश्न आजच्या विषयाच्या गाभ्याशी आहे.

संघर्षग्रस्त म्हणजे रणगाडे फिरतात तो देश, एवढाच अर्थ मी घेत नाही. डोंगरावर दुरून कोणी सदरा-पँटवाला येताना दिसला की पाड्यातली माणसं आधी अंदाज घेतात : हा द्यायला आलाय की न्यायला? जंगलखात्याचा, मोजणीचा, पोलिसांचा की दवाखान्याचा? जिथे हा अंदाज घ्यावा लागतो तो मुलूख आरोग्यसेवेच्या दृष्टीने संघर्षाचाच. तिथे औषध पोचण्याआधी माणूस ओळखला जावा लागतो.

आज मला मुख्यतः एकच गोष्ट सांगायची आहे. अशा मुलखात आरोग्यसेविकेच्या हातातली नोंदवही आरोग्याखेरीज कुठल्याही कामाला वापरली जाता कामा नये. ती वही कोणाची, हे ठरलं की बाकीच्या पुष्कळ गोष्टी ठरतात. हे मी का म्हणतो, ते सांगतो.

युद्धात जखमी झालेल्याला शत्रू मानू नये, त्याची शुश्रूषा करणाऱ्याला तर नाहीच नाही, हा विचार कायद्यात येऊन फार दिवस झालेले नाहीत. १८५९ साली इटलीत सोल्फेरिनोच्या रणांगणावर हजारो जखमी तडफडत पडलेले हेन्री ड्युनांने पाहिले. आसपासच्या गावांतल्या बायकांनी दोन्ही बाजूंच्या सैनिकांना सारखंच पाणी पाजलं. त्यातून रेड क्रॉस उभी राहिली आणि १८६४ मध्ये पहिला जिनिव्हा करार झाला. आपल्या महाराष्ट्राचंही या परंपरेत नाव आहे. १९३८ साली काँग्रेसने जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनला पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं. त्यात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते आणि नागपूरचे डॉ. चोळकर होते. बाकीचे परतले. कोटणीस मागे राहिले, चिनी भाषा शिकले, डोंगरातल्या फिरत्या लष्करी रुग्णालयात शस्त्रक्रिया करत राहिले, तिथल्याच परिचारिकेशी, कुओ छिंगलान यांच्याशी लग्न केलं, आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी वारले. शिरीषकुमार गेला त्याच्या बरोबर तीन महिन्यांनी. कोटणिसांची आठवण आपण त्यागाची गोष्ट म्हणून सांगतो, ती आहेच. मला त्यांच्या चिनी शिकण्याचं महत्त्व जास्त वाटतं. रोग्याशी त्याच्या भाषेत बोलल्याशिवाय परक्या मुलखात वैद्यक चालत नाही, हे त्यांनी ओळखलं होतं.

आजचं जग त्या जिनिव्हा कराराला किती जागतं? ३ ऑक्टोबर २०१५ रोजी अफगाणिस्तानात कुंदूझ इथल्या ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’च्या रुग्णालयावर अमेरिकी विमानाने हल्ला केला आणि ४२ जण ठार झाले. रुग्णालय कुठे आहे ते संस्थेने आधीच कळवलेलं होतं. पुढच्या वर्षी ३ मे २०१६ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने रुग्णालयांच्या संरक्षणाचा ठराव केला. ठराव होऊनही रुग्णालयांवर बाँब पडायचे थांबलेले नाहीत, हे तुम्ही रोज वाचता.

पण भिंत पडली की दिसते. विश्वास पडला की तो ढिगारा दिसत नाही. त्याचं उदाहरण पाकिस्तानातलं आहे. २०११ साली अबोटाबादेत ओसामा बिन लादेनचा ठावठिकाणा पक्का करण्यासाठी अमेरिकेच्या गुप्तचर संस्थेने एका स्थानिक डॉक्टरकरवी काविळीच्या लसीकरणाची मोहीम चालवली. हेतू लसीचा नव्हता, घरात शिरून नमुने मिळवण्याचा होता. ही गोष्ट बाहेर फुटली. मग डिसेंबर २०१२ मध्ये कराची आणि पेशावर भागात पोलिओचे डोस पाजणाऱ्या स्वयंसेविकांना गोळ्या घालण्यात आल्या. त्या गरीब बायका होत्या, थोड्या रोजावर दारोदार फिरणाऱ्या. लस ही हेरगिरी आहे असं ज्यांना आधीपासून म्हणायचं होतं, त्यांच्या हाती आता पुरावा आला होता. २०१४ मध्ये अमेरिकेने, यापुढे लसीकरणाचा असा वापर करणार नाही, असं जाहीर केलं. तोवर पोलिओ हटवण्याचं काम कितीतरी मागे गेलं होतं, आणि तो आजार पाकिस्तानातून अजून गेलेला नाही.

याच्या उलट उदाहरण एल साल्वादोरचं. १९८५ मध्ये तिथे यादवी युद्ध ऐन भरात होतं. युनिसेफ आणि कॅथलिक चर्च यांनी मध्यस्थी केली आणि सरकार व बंडखोर या दोघांनी तीन रविवार बंदुका खाली ठेवायचं कबूल केलं. त्या तीन दिवसांत देशभर मुलांना लसी टोचल्या गेल्या. पुढे युद्ध संपेपर्यंत दरवर्षी असे दिवस पाळले गेले. दोन्ही बाजूंचा एकमेकांवर काडीचा भरवसा नव्हता. लसीची सुई दुसऱ्या कशासाठी आलेली नाही, एवढाच भरवसा होता. तेवढा पुरला.

आता सातपुड्यात येऊ.

सरदार सरोवराच्या बुडितात महाराष्ट्रातली ३३ गावं आली. सगळी आपल्या अक्कलकुवा आणि अक्राणी, म्हणजेच धडगाव, या दोन तालुक्यांतली. नर्मदेच्या काठाने पहिलं मणिबेली, मग धनखेडी, चिमलखेडी अशी वर वर जात. नर्मदा जलविवाद लवादाचा निवाडा १९७९ साली आला. त्यात जमिनीच्या बदल्यात जमीन होती, आणि सज्ञान मुलगा हा स्वतंत्र कुटुंब धरायचा, असंही होतं. निवाड्यातली ही तरतूद चांगली होती. पण तिचा काठावर काय अर्थ झाला, ते लक्षात घ्या. मुलगा ठरलेल्या तारखेला सज्ञान होता की नव्हता, यावर दोन हेक्टर जमीन ठरू लागली. आणि जन्म तर सगळे घरीच झालेले, दाईच्या हातचे. दाखला कोणाकडे नव्हता. वय पिकांच्या, पुराच्या, होळीच्या हिशेबाने सांगायचं. मग जिथे जिथे कागदावर वय लिहिलेलं असेल तो प्रत्येक कागद मोलाचा झाला आणि धोक्याचाही झाला. नर्सबाईने मुलाचं वय अंदाजाने आठ लिहिलं की दहा, याने घराचं नशीब बदलू शकत होतं. ‘घोषित’ आणि ‘अघोषित’, म्हणजे यादीतले आणि यादीबाहेरचे, प्रकल्पग्रस्त हे शब्द या जिल्ह्यात ज्यांनी ऐकले आहेत, त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. यादीत नाव नसलेली माणसं वर्षानुवर्षं आपण इथेच राहत होतो हे सिद्ध करत बसली.

अशा दिवसांत कोणी वही उघडून दारात उभं राहिलं आणि विचारू लागलं, घरात माणसं किती, नावं काय, वयं काय, कधीपासून राहता, तर काय होणार? नर्मदा बचाव आंदोलनाने सर्वेक्षणाला विरोध पुकारला होता. मोजणीदाराला गावात येऊ द्यायचं नाही, असं गावांनी ठरवलं होतं. १९९२-९३ च्या सुमारास मणिबेलीत पोलिसांचा मोठा बंदोबस्त होता. त्या काळात कुटुंब पाहणीचे रकाने भरायला आलेला आरोग्य कर्मचारी आणि बुडिताची मोजणी करायला आलेला कर्मचारी यांच्यात फरक ओळखायला गावाकडे खूण कोणती होती? दोघेही सरकारी, दोघांच्याही हातात वही, दोघांचे प्रश्नही पुष्कळसे तेच. गावाने दोघांनाही सारखंच वागवलं, तर त्याला अडाणीपणा म्हणायचं धाडस मी करणार नाही. त्यांच्या जागी मी असतो, तर मीही दार लावलं असतं.

हा अविश्वास एकट्या धरणाने निर्माण केलेला नाही. जंगलाचं भांडण त्याहून जुनं आहे. पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या जमिनीला ‘अतिक्रमण’ म्हटलं गेलं. सपाटीवर, शहादा-तळोद्याच्या बाजूला, हातची जमीन सावकाराकडे गेली. सत्तरच्या दशकात आदिवासी नेते अंबरसिंग सुरतवंती आणि पुढे श्रमिक संघटना यांनी तो प्रश्न उचलला, तेव्हाही पिकांच्या राखणदारांकडून आणि पोलिसांकडून मार खाणारे भिल्लच होते. त्यात आणीबाणी आली. १९७६ मध्ये महाराष्ट्राच्या विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने त्याचा कायदा झाला नाही, पण उद्दिष्ट गाठण्याच्या भरात जी माणसं गाड्यांत घालून शिबिरांना नेली गेली, त्यांच्या घरांतून ती आठवण पुसली गेली नाही. आरोग्य खात्याची जीप दिसली की पुरुष रानात पळायचे, हे या महाराष्ट्रातल्या अनेक भागांत घडलेलं आहे. त्याची किंमत पुढे लसीकरणाला मोजावी लागली. करोनाच्या लसीबद्दल सातपुड्यात जे बोललं गेलं, ती टोचली की माणूस वर्षात मरतो, मूल होत नाही, ते आपण अफवा म्हणून सोडून दिलं. त्या अफवेच्या पोटात नसबंदीची भीती होती.

मग नर्मदेच्या काठावर आरोग्यसेवा पोचली ती कशी?

एक तर पाण्याने रस्ता बदलला. जलाशय भरत गेला तशा नदीकाठच्या पायवाटा बुडाल्या. पूर्वी काठाने चालत एका गावातून दुसऱ्या गावात जाता येई. आता मधल्या नाल्यांमध्ये बॅकवॉटर शिरलं. कित्येक पाडे तीन बाजूंनी पाणी आणि चौथ्या बाजूला कडा, असे उरले. मग आरोग्य खात्याने बोटींवरचे तरंगते दवाखाने आणले. डॉक्टर, परिचारिका, औषधांच्या पेट्या घेऊन बोट काठाला लागते, भोंगा होतो, टेकडीवरून माणसं उतरतात. ज्या धरणाने वाट नेली त्याच धरणाच्या पाण्यावरून उपचार आले, म्हणून मी या बोटींना मोठा मान देतो. त्यांच्यामुळे तपासल्या गेलेल्या गरोदर बाया, लसी मिळालेली बाळं, हिवतापाच्या गोळ्या मिळालेले तापकरी ही खरी माणसं आहेत. पण बोट ठरलेल्या दिवशी येते. कळा ठरलेल्या दिवशी येत नाहीत. रात्री बाळंतीण अडली तर अजूनही बांबूला झोळी बांधायची, चार जणांनी खांद्यावर घ्यायची, कडा चढून रस्त्याला लागायचं आणि मग मोलगी नाहीतर धडगावचं ग्रामीण रुग्णालय गाठायचं. वर्तमानपत्रवाले त्या झोळीला ‘बांबूलन्स’ म्हणतात. मला तो शब्द आवडत नाही. ज्या बाईचं बाळ त्या झोळीत गेलं, तिच्यासमोर तो उच्चारता येणार नाही.

दुसरी गोष्ट घडली ती माणसांमुळे. २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा काठावरच्या पाड्यांतल्या बायका आजाराच्या भीतीने अंगणवाडीकडे यायच्या थांबल्या. चिमलखेडीच्या अंगणवाडी कार्यकर्त्या रेलू वसावे यांनी एका कोळ्याची लहान होडी मागून घेतली आणि स्वतः वल्हवत पलीकडच्या अलिगाट आणि दादर या पाड्यांवर जाऊ लागल्या. सुमारे १८ किलोमीटरचं पाणी. बाळांची वजनं घ्यायची, गरोदर बायांना आहार द्यायचा, नोंद करायची, परत यायचं. देशभर त्यांचं कौतुक झालं, ते योग्यच झालं. कौतुकाबरोबर एक प्रश्नही विचारायला हवा होता. रेलूताईंनी वही उघडली तेव्हा कोणी रानात पळालं नाही. का? त्या काठाच्याच आहेत. त्यांचं आडनाव तिथल्या घराघरांत आहे. त्यांची भाषा घरची आहे. बुडिताचं दुःख त्यांच्याही घरचं आहे. त्यांच्या वहीत लिहिलेलं नाव दुसऱ्या कुठल्या यादीत जाणार नाही, याची हमी कोणत्या शासन निर्णयाने दिलेली नव्हती. ती त्यांच्या माणूसपणाने दिली.

इथे मला आंदोलनाच्या जीवनशाळांचं नाव घेतलं पाहिजे. १९९१-९२ च्या सुमारास चिमलखेडी आणि निमगव्हाणला त्या सुरू झाल्या, कारण सरकारी शाळा कागदावर होत्या आणि गुरुजी तालुक्याला होते. आरोग्य खात्यातल्या शहाण्या माणसांनी या शाळांना शत्रूपक्षाची ठाणी मानलं नाही. जिथे मुलं एकत्र सापडतात आणि जिथल्या शिक्षकावर गावाचा विश्वास आहे, तिथे तपासणी करायला जायचं, एवढा साधा विचार त्यांनी केला. धरणाबद्दल कोणाचं काय मत आहे, हे खरजेच्या मलमाला विचारायचं कारण नाही. एल साल्वादोरमध्ये जे तीन रविवारांत घडलं, त्याचीच ही छोटी रूपं. आणि आपल्याकडे तर त्यासाठी मध्यस्थही शोधायला नकोत, होळी आहे. दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत गेलेली कोयत्यावरची माणसं कुठेही असली तरी होळीला डोंगरात परततात. भोंगऱ्या बाजारापासून काठीच्या होळीपर्यंतचे ते दिवस. जी आई चार महिने कुठल्याच यादीत नव्हती, ती त्या आठवड्यात आपल्या पाड्यावर असते. लसीकरणाचं वर्षाचं वेळापत्रक मार्चअखेरच्या उद्दिष्टाभोवती न बांधता होळीभोवती बांधलं, तर सुटलेली कितीतरी मुलं सापडतील. काही पथकं ते आपल्या हिमतीवर करतातही. ते जिल्ह्याचं धोरण व्हायला हवं.

गडचिरोलीचा उल्लेख टाळता येणार नाही. आपल्या राज्यात प्रत्यक्ष बंदुकांच्या छायेत आरोग्यसेवा जर कुठे वाढली असेल तर तिथे. २३ डिसेंबर १९७३ रोजी बाबा आमट्यांनी भामरागडच्या जंगलात हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे तिथे राहिले. पुढे काही वर्षांतच आंध्रातून नक्षल चळवळ त्या जंगलात उतरली. एका बाजूला पोलीस, दुसऱ्या बाजूला नक्षलवाद्यांचं दलम, मध्ये माडिया आदिवासी. तरीही दवाखाना चालला, कारण समोर आलेला माणूस कोणाचा, हे तिथे विचारलं गेलं नाही. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये ‘सर्च’ या संस्थेची स्थापना केली. रुग्णालय कसं हवं, हे त्यांनी आधी लोकांना विचारलं. मोठी इमारत, पांढरे कपडे, लांबलचक खोल्या यांची भीती वाटते, असं लोकांनी सांगितलं. म्हणून संस्थेच्या शोधग्राम परिसरात झोपड्यांसारख्या खोल्यांचं रुग्णालय झालं आणि त्याला नाव मिळालं माँ दंतेश्वरीचं. त्याहून मोठी गोष्ट आरोग्यदूतांची. गावातल्याच, थोडं शिकलेल्या बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला, जंतुदोष ओळखायला, प्रसंगी इंजेक्शन द्यायला शिकवलं. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्याचे निष्कर्ष छापले गेले : त्या गावांत नवजात मृत्यूंचं प्रमाण तुलनेच्या गावांच्या हिशेबाने ६२ टक्क्यांनी उतरलं होतं. आज देशभर आशाताई बाळंतिणीच्या घरी भेटी देतात, त्या पद्धतीचं मूळ या गावांत आहे. जिथे डॉक्टर जाऊ शकत नव्हता, जिथे रात्री रस्त्यावर निघणं धोक्याचं होतं, तिथे उत्तर घराच्या आतल्या बाईने दिलं.

आणि इथूनच मी वहीकडे परत येतो. त्या आरोग्यदूतांनी प्रत्येक जन्म आणि प्रत्येक मृत्यू नोंदवला. मेलेलं मूल नोंदवणं ही सार्वजनिक आरोग्यातली सर्वांत कठीण गोष्ट आहे. आई ते सांगू इच्छित नाही, आणि यंत्रणाही ऐकू इच्छित नाही. २००१ साली महाराष्ट्रातल्या तेरा संस्थांनी मिळून बालमृत्यू मोजले आणि ‘कोवळी पानगळ’ हा अहवाल काढला. खरे मृत्यू सरकारी आकड्यांच्या कितीतरी पट निघाले. त्याच सुमारास धडगावच्या बालमृत्यूंनी वर्तमानपत्रांची पानं भरली होती. त्याआधी मेळघाटातल्या मृत्यूंनंतर, १९९५ मध्ये शासनाने नवसंजीवनी योजना आणली होती. भरारी पथकं, मानसेवी डॉक्टर, पाडा स्वयंसेवक आले. योजनेत खोट काढणं सोपं आहे. पण पावसाळ्यात भरारी पथकाबरोबर पाड्यावर जाणारा आयुर्वेद पदवीचा तरुण डॉक्टर कंत्राटावर, तुटपुंज्या मानधनावर वर्षानुवर्षं राबला, त्याचं ऋण आपण मान्य करायला हवं.

गडबड कुठे झाली ते सांगतो. मृत्यूचा आकडा हे भांडणाचं हत्यार झालं. विरोधी पक्ष त्यावरून सभागृह बंद पाडणार, न्यायालय जाब विचारणार, मंत्री जिल्ह्याला झापणार, जिल्हा तालुक्याला, आणि शेवटची नोटीस निघणार ती एखाद्या उपकेंद्राच्या सिस्टरला किंवा अंगणवाडीच्या ताईला. जिने मृत्यू प्रामाणिकपणे लिहिला, तिलाच शिक्षा. जिने ‘स्थलांतरित’ असा शेरा मारून मूल वहीतून काढून टाकलं, तिचा तक्ता स्वच्छ. न्यायालयांनी जाब विचारायलाच हवा, त्यांनी विचारला नसता तर पुष्कळ गोष्टी हलल्याच नसत्या. पण तो जाब वर थांबला पाहिजे. खाली नोंद करणाऱ्याला अभय हवं. बालमृत्यूची नोंद हा नोंदवणाऱ्या कर्मचाऱ्याविरुद्ध शिस्तभंगाचा पुरावा मानला जाणार नाही, असा एक परिच्छेदाचा आदेश जिल्हा परिषद उद्या काढू शकते. त्याला निधी लागत नाही.

तसाच दुसरा आदेश हवा. अंगणवाडीची, आशांची, उपकेंद्राची वही जमिनीच्या, जंगलाच्या, पोलिसांच्या, नागरिकत्वाच्या कोणत्याही चौकशीत त्या कुटुंबाविरुद्ध वापरली जाणार नाही. तिचा दाखला कुटुंबाने आपल्या बाजूने मागितला, तर तो द्यावा. वनहक्क कायद्याने १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासूनची वहिवाट दाखवायला सांगितली, तेव्हा जुन्या सरकारी कागदांचं मोल काय असतं ते या जिल्ह्याने पाहिलं आहे. आपल्या जन्माची नोंद आपल्या उपयोगी पडते, एवढं एकदा कळलं की लोक ती स्वतःहून करून घ्यायला येतील. २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातला पहिला आधार क्रमांक याच जिल्ह्यातल्या, शहादा तालुक्यातल्या टेंभलीत दिला गेला. पंतप्रधान स्वतः आले होते. नोंदीचा इतका मोठा सोहळा ज्या जिल्ह्यात झाला, त्या जिल्ह्यात नोंद झालेल्या माणसाला संरक्षण देण्याची सुरुवातही व्हावी, ही माझी मागणी आहे.

बडव्यांबद्दल, म्हणजे पाड्यावरच्या भगतांबद्दल, दोन शब्द बोलतो, कारण त्यावरून दवाखाने आणि पाडे यांच्यात कायम ओढाताण असते. डाकीण ठरवून बायकांना मारहाण होते. तिथे कायदा कठोरपणे लागलाच पाहिजे. जादूटोणाविरोधी कायदा आपण २०१३ मध्ये केला, तो वापरा. पण ताप आल्यावर आधी बडव्याकडे गेलेल्या बापाला ओपीडीत सगळ्यांसमोर फैलावर घेऊ नका. तो बाप पुढच्या वेळी बडव्याकडेच जाईल, आणि आपल्याकडे येणारच नाही. मला असे बडवे भेटले आहेत, जे बाळाचा श्वास पाहून स्वतःच सांगतात, हे माझं काम नाही, खाली घेऊन जा. त्या माणसाला आपण निरोप्या मानायला हवं.

या सभागृहात आपल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे विद्यार्थी बसले आहेत. तुम्हाला एक गोष्ट मुद्दाम सांगतो. तुमच्यापैकी बरेच जण नांदेडचे, साताऱ्याचे, पुण्याचे. तुम्ही शरीरशास्त्राचे हजार शब्द पाठ केलेत. पावरीतले, भिलोरीतले पन्नास शब्द पाठ करायला किती दिवस लागतील? दुखतं कुठे, कधीपासून, जेवण जातं का, पोट किती वेळा गेलं, बाळ अंगावर पितं का, घाबरू नका. एवढे पुरेत. ते शिकवायला प्राध्यापक नको, तुमच्याच वॉर्डात काम करणाऱ्या पाडवी मावशी, वसावे दादा शिकवतील. सिकलसेल या रक्ताच्या आजाराच्या वेदनेने कळवळणारी मुलगी नाटक करत नाही, हे तुम्हाला तिच्या भाषेत विचारल्याशिवाय कळणार नाही.

जिल्हा परिषदेचे पदाधिकारीही समोर आहेत, म्हणून बोटींचं पुन्हा काढतो. तरंगत्या दवाखान्याचं डिझेल, दुरुस्ती, चालक आणि मदतनीस यांचे पगार यांची तरतूद वर्षभराची एकदम, एप्रिलमध्ये, झाली पाहिजे. हप्त्याहप्त्याने निधी आला की बोट काठाला बांधून राहते. प्रत्येक मोठ्या पाड्यावर एका खाजगी होडीवाल्याशी रात्रीच्या बाळंतपणासाठी आगाऊ करार करा. दर ठरवा. पैसे त्याला त्याच आठवड्यात मिळतील, अशी रक्कम पेसा कायद्याखालच्या ग्रामसभेच्या खात्यात ठेवा, आणि खर्चाचा निर्णय तिथल्या बायकांच्या हाती द्या. होडीवाला कोण विश्वासाचा, कोण दारू पिऊन वल्हं धरतो, हे तालुक्याच्या कार्यालयापेक्षा त्यांना चांगलं माहीत आहे. प्रश्नोत्तरांसाठी अर्धा तास राखून ठेवला आहे असं मला सांगितलंय. काठावरून जे आले आहेत त्यांना आधी बोलू द्या, आणि त्यांना त्यांच्या भाषेत बोलायचं असेल तर तसंच बोलू द्या. मराठीत सांगायला इथे पुष्कळ माणसं आहेत.